सबव्हॉल्यूमच्या सीमा कुठे आखाव्यात?

शहर उभे राहण्याआधी त्याचे विभाग कागदावर ठरवून घेण्याचा स्वतंत्र भारतातला सर्वांत गाजलेला प्रयोग चंदीगडला झाला. १९५१ साली फ्रेंच-स्विस वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या शहराचा आराखडा हाती घेतला आणि सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा सेक्टरांची चौकट आखली. प्रत्येक सेक्टराला स्वतःचा बाजार, शाळा आणि मोकळी हिरवी जागा असावी, त्याच्या भोवतीने वेगवान रस्ते जावेत, त्या रस्त्यांवर घरांची दारे उघडू नयेत आणि आत शिरण्याची ठिकाणे मोजकी व आधीच ठरलेली असावीत, असा तो विचार होता. संगणकाच्या आधुनिक फाइल सिस्टिममध्ये सबव्हॉल्यूम नावाची जी सोय असते, तिची कल्पना या आराखड्याच्या बरीच जवळ जाते, कारण तिथेही साठवणुकीची जागा एक, तिचे विभाग अनेक आणि प्रत्येक विभागात शिरण्याचे दार आखणाऱ्याने नेमून दिलेले असते. मात्र हे साम्य एका महत्त्वाच्या मुद्द्यावर तुटते. सेक्टर जमिनीच्या ठरावीक तुकड्यावर बसलेला असतो, तर सबव्हॉल्यूमच्या मालकीची अशी कोणतीही जमीन नसते. हा फरक लक्षात आला की सबव्हॉल्यूमचा अर्धा विषय समजतो; उरलेला अर्धा विषय सीमा कुठे आखावी हे ठरवण्याचा आहे आणि तोच अधिक कठीण आहे.

डिस्क ही स्वतः केवळ क्रमांक दिलेल्या कप्प्यांची लांबलचक ओळ असते. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, तिचे नाव काय, ती कोणाची, ती शेवटी केव्हा बदलली, ही सारी नोंदवही ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. जुन्या पद्धतीत एकाच डिस्कवर वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जागा हव्या असतील तर डिस्कचे पार्टिशन करावे लागे, म्हणजे तिचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र फाइल सिस्टिम बसवावी लागे. त्यातली अडचण ज्याने असा संगणक वापरला आहे त्याला ठाऊक आहे: कार्यप्रणालीसाठी राखलेला तुकडा भरून जातो, शेजारचा तुकडा निम्मा रिकामा असतो, आणि तरीही ती रिकामी जागा सहजासहजी इकडे घेता येत नाही. आकार आधी ठरवायचा आणि गरज नंतर कळायची, अशी ती उलटी रचना होती.

सबव्हॉल्यूमच्या रचनेत आकार आधी ठरवावा लागत नाही. लिनक्समध्ये ही कल्पना प्रामुख्याने बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमने रुजवली. २००७ साली आयबीएमचे संशोधक ओहाड रोडे यांनी ‘बी-ट्री’ या शाखायुक्त नोंदणी-रचनेचा एक नवा प्रकार मांडला, आणि त्याच वर्षी ओरॅकल कंपनीत काम करणाऱ्या ख्रिस मेसन यांनी त्याच्या आधारे नव्या फाइल सिस्टिमची घोषणा केली. २००९ साली ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, समाविष्ट झाली. २०१४ साली सुसे कंपनीने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या बाराव्या आवृत्तीत मूळ प्रणालीसाठी तीच प्रमाण मानली आणि २०२० च्या ऑक्टोबरात फेडोरा या लिनक्स वितरणाच्या ३३ व्या आवृत्तीने घरगुती संगणकांसाठी तिचा स्वीकार केला. सगळ्यांनीच तसे केले असे नाही. रेड हॅटने आपल्या व्यावसायिक लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून ती वगळली. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस आणि ॲपलची एपीएफएस यांतही जागा सामायिक ठेवून विभाग वेगळे करण्याची सोय आहे, तपशील वेगळे असले तरी गरज तीच आहे.

या रचनेचा पाया कॉपी-ऑन-राइट या तत्त्वावर आहे. फाइलचा एखादा भाग बदलला की नवा मजकूर जुन्या मजकुरावर लिहिला जात नाही; तो डिस्कवर दुसऱ्या रिकाम्या जागी लिहिला जातो, मग नोंदवही नव्या जागेकडे बोट दाखवू लागते, आणि जुन्या जागेची कोणालाच गरज उरली नाही तर ती मोकळी होते. जुनी जागा मोकळी न करता तिच्याकडे बोट दाखवणारी दुसरी एक नोंद राखून ठेवली तर काय होईल, या साध्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे स्नॅपशॉट होय. शेकडो गिगाबाइटच्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट क्षणात तयार होतो, कारण त्या वेळी मजकुराची नक्कल होतच नाही. मूळ आणि स्नॅपशॉट दोघेही त्याच कप्प्यांकडे पाहतात आणि पुढे जे बदलेल तेवढ्यासाठीच नवी जागा खर्च होते. स्नॅपशॉट हा स्वतःही एक सबव्हॉल्यूमच असतो, फक्त जन्मतः भरलेला.

सबव्हॉल्यूम बाहेरून साध्या फोल्डरसारखा दिसतो आणि बराचसा तसाच वागतो, म्हणून नवशिक्याची फसगत होते. आतून मात्र त्याची नोंदवही वेगळी असते, त्यातल्या फाइलींना स्वतंत्र क्रमांकमाला असते आणि कार्यप्रणालीला तो निराळ्या उपकरणासारखा भासतो. याचे परिणाम रोजच्या कामात जाणवतात. एकाच फाइलला दोन नावे देणारा हार्ड लिंक नावाचा दुवा सबव्हॉल्यूमची सीमा ओलांडून देता येत नाही. एका सबव्हॉल्यूममधली फाइल दुसऱ्यात ‘हलवली’ तर आतून नक्कल करून मूळ पुसण्याची क्रिया घडते. प्रत्येक बीटीआरएफएस फाइल सिस्टिममध्ये मुळाशी एक सबव्हॉल्यूम आपोआप असतो, त्याचा क्रमांक ५. तो पुसता येत नाही आणि बाकी सारे सबव्हॉल्यूम अखेरीस त्याच्या पोटात असतात. वापरकर्त्याने निर्माण केलेल्यांचे क्रमांक २५६ पासून सुरू होतात.

विभाग केले तरी ते वापरात आणण्यासाठी माउंट करावे लागतात. युनिक्सच्या परंपरेत सगळ्या फाइली एकाच वृक्षात असतात आणि त्या वृक्षाच्या मुळाला तिरप्या रेघेने दाखवतात. एखादी फाइल सिस्टिम या वृक्षाच्या ठरावीक फांदीवर आणून जोडणे म्हणजे माउंट करणे. बीटीआरएफएसमध्ये संपूर्ण फाइल सिस्टिम जोडण्याचे बंधन नाही, तिच्यातला एखादाच सबव्हॉल्यूम हव्या त्या फांदीवर जोडता येतो, आणि तोच सबव्हॉल्यूम एकाच वेळी दोन ठिकाणीही जोडता येतो. १ नोव्हेंबर १९६६ पासून चंदीगड हे एकच शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे आणि तरी शहराच्या दोन प्रती झालेल्या नाहीत. माउंट करण्याची क्रिया नेमकी अशीच आहे, कारण पत्ता आणि वस्तू या दोन गोष्टी तिने एकमेकींपासून सोडवल्या आहेत.

संगणक सुरू होताना कोणता सबव्हॉल्यूम कुठे जोडायचा याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. त्यातल्या प्रत्येक ओळीत डिस्कची ओळख, जोडण्याची जागा, फाइल सिस्टिमचा प्रकार आणि पर्याय लिहिलेले असतात, आणि पर्यायांमध्ये ‘सबव्हॉल’ या शब्दापुढे सबव्हॉल्यूमचे नाव दिले जाते. हेच काम ‘सबव्हॉलआयडी’ या शब्दापुढे क्रमांक देऊनही होते, पण नावाने जोडणे अधिक चांगले, कारण जुन्याच्या जागी त्याच नावाचा नवा सबव्हॉल्यूम आणून ठेवला की यादीला हात लावावा लागत नाही, क्रमांक मात्र बदललेला असतो. पर्यायांच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. फक्त वाचनापुरते जोडणे, किंवा फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणे, असे सर्वसाधारण पर्याय प्रत्येक जोडणीला वेगळे देता येतात. परंतु मजकूर दाबून लहान करून साठवण्यासारखे बीटीआरएफएसचे स्वतःचे बहुतेक पर्याय संपूर्ण फाइल सिस्टिमला एकदमच लागू होतात. एका ओळीत ते दिले आणि दुसऱ्या ओळीत दिले नाहीत म्हणून वागणूक वेगळी होत नाही.

यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा नियम: स्नॅपशॉट सबव्हॉल्यूमच्या सीमेवर थांबतो. एका सबव्हॉल्यूमच्या पोटात दुसरा असेल, तर बाहेरच्याचा स्नॅपशॉट घेताना आतला त्यात येत नाही. त्याच्या जागी केवळ रिकामा फोल्डर दिसतो. हा दोष आहे असे पुष्कळांना वाटते, पण खरे तर सबव्हॉल्यूमचा सारा उपयोग याच नियमावर उभा आहे. ज्या गोष्टी एकत्र मागे जायला हव्यात त्या सीमेच्या आत ठेवायच्या आणि ज्या मागे जाऊ नयेत त्या बाहेर, एवढी निवड या नियमामुळेच हाती येते. म्हणून फाइलींच्या विषयावरून किंवा आकारावरून सबव्हॉल्यूम पाडणे हे चुकीच्या कसोटीने केलेले काम ठरते. कसोटी एकच असावी: उद्या काही बिघडले आणि कालच्या स्थितीत परतायचे झाले, तर या वस्तूने परत जावे की जाऊ नये?

मांडणीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत सबव्हॉल्यूम एकमेकांच्या पोटात असतात. बाहेरचा जोडला की आतले आपोआप दिसतात, एफएसटॅबमध्ये त्यांच्या ओळी लिहाव्या लागत नाहीत, आणि म्हणून ती सोपी वाटते. दुसरीत सगळे सबव्हॉल्यूम क्रमांक ५ च्या थेट खाली, एका पातळीवर असतात आणि प्रत्येकाला एफएसटॅबमध्ये स्वतःची ओळ असते. पहिल्या पद्धतीची किंमत परतीच्या वेळी मोजावी लागते, कारण बाहेरचा सबव्हॉल्यूम बदलून जुना स्नॅपशॉट आणला की आतले सबव्हॉल्यूम काढून टाकलेल्या जुन्याच्या पोटातच राहतात आणि ते हाताने हलवावे लागतात. दुसरी पद्धत आरंभी चार ओळी जास्त लिहायला लावते, पण परतीच्या वेळी गोंधळ होऊ देत नाही. घरगुती संगणक आणि लहान संस्था या दोघांसाठी तीच योग्य आहे. ती पाळणाऱ्यानेही अधूनमधून सबव्हॉल्यूमची यादी पाहावी, कारण काही प्रोग्राम न विचारता सबव्हॉल्यूम निर्माण करतात. अनेक लिनक्स प्रणालींवर सेवा चालवणारा सिस्टिमडी हा प्रोग्राम ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लिब’च्या आत ‘मशीन्स’ नावाचा सबव्हॉल्यूम असाच तयार करून ठेवतो.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावायची हे पाहण्यासाठी चंदीगडमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा संगणक डोळ्यांपुढे आणावा. त्यावर उबुंटू लिनक्स आहे, पुस्तकांची देवघेव कोहा या मुक्त प्रणालीवर चालते, तिच्या नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठतात, आणि शहरातल्या इमारतींच्या जुन्या नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही तिथे ठेवलेल्या आहेत. उबुंटूच्या जगात रुळलेल्या पद्धतीनुसार मूळ प्रणालीच्या सबव्हॉल्यूमला ‘@’ आणि वापरकर्त्यांच्या फाइलींच्या सबव्हॉल्यूमला ‘@होम’ म्हणतात. (आज्ञा आणि नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावी लागतात, आणि ‘@’ या चिन्हात कोणतीही जादू नाही, तो ओळखीसाठी पाळलेला केवळ संकेत आहे.) एवढ्या दोन सबव्हॉल्यूमवर काम थांबवले तर काय होईल? सोमवारी स्नॅपशॉट घेतला, बुधवारी सुधारित पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा बसवण्याजोगा गठ्ठा, बसवताना प्रणाली बिघडली, आणि सोमवारची स्थिती परत आणली, की मंगळवारी व बुधवारी दिलेल्या-घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदीही नाहीशा होतील, कारण मारियाडीबीच्या फाइली ‘व्हार’मधल्या ‘लिब’च्या आत, म्हणजे ‘@’च्याच पोटात असतात.

यावर सहज सुचणारा उपाय असा की संपूर्ण ‘व्हार’ फोल्डरच वेगळा करावा. तो घातक आहे. उबुंटू आणि डेबियन या प्रणाली कोणती पॅकेजे कोणत्या आवृत्तीत बसवली आहेत याची नोंद ‘व्हार’मधल्याच ‘लिब’च्या आतल्या ‘डीपीकेजी’ या फोल्डरात ठेवतात. ‘व्हार’ बाहेर राहिला तर परतीनंतर प्रोग्राम सोमवारचे असतील आणि त्यांची नोंदवही बुधवारची. म्हणजे जे बसवलेलेच नाही ते बसवले आहे असे प्रणाली मानत राहील, आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेत ही विसंगती वाढत जाईल. म्हणून सीमा अधिक नेमकी हवी: डेटाबेसचा फोल्डर वेगळा, घडामोडींच्या नोंदींचा म्हणजे लॉगचा फोल्डर वेगळा, आणि पॅकेजांची नोंदवही मात्र ‘@’च्या आतच. लॉग वेगळा ठेवण्याचे कारणही हेच आहे, कारण बुधवारी काय बिघडले हे सांगणारी नोंद सोमवारच्या स्थितीत गेल्यावर हातातून जाऊ नये. नकाशांच्या प्रतींना स्वतंत्र सबव्हॉल्यूम द्यावा, कारण त्या क्वचित बदलतात आणि त्यांचे स्नॅपशॉट घेण्याचा वेळापत्रकी क्रम निराळा असतो.

एवढे करूनही एक पेच उरतो आणि त्याची जाणीव असायला हवी. कोहाची आवृत्ती वाढते तेव्हा पुष्कळदा डेटाबेसची अंतर्गत रचनाही बदलते. अशा वेळी केवळ ‘@’ मागे नेला, तर जुना प्रोग्राम आणि नवी रचना समोरासमोर येतील. सीमा वेगळ्या असल्याने इथे निवड करता येते: आवृत्ती बदलण्याआधी देवघेव थांबवून, डेटाबेस बंद करून, दोन्ही सबव्हॉल्यूमचे स्नॅपशॉट घ्यायचे आणि बिघाड लगेच लक्षात आला तर दोन्ही मागे न्यायचे. अनेक दिवसांनी लक्षात आला तर मात्र मागे न जाता पुढेच दुरुस्ती करावी लागते. सबव्हॉल्यूम निर्णय सोपा करून देत नाही, निर्णय घेण्याची जागा तेवढी निर्माण करतो.

परतीची क्रिया स्वतः छोटी आहे. क्रमांक ५ चा मूळ सबव्हॉल्यूम एखाद्या रिकाम्या फोल्डरावर जोडायचा, बिघडलेल्या ‘@’चे नाव बदलायचे, सोमवारच्या स्नॅपशॉटचा लिहिता येण्याजोगा नवा स्नॅपशॉट ‘@’ या नावाने घ्यायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एफएसटॅब आणि संगणक सुरू करणारा ग्रब हा प्रोग्राम दोघेही नावाने शोधतात, म्हणून त्यांना बदल कळवावा लागत नाही. बिघडलेला ‘@’ लगेच पुसू नये. त्यातून एखादी फाइल काढून घ्यावी लागू शकते.

वेगवेगळ्या लिनक्स वितरणांनी या सीमा वेगवेगळ्या आखल्या आहेत, आणि त्यातून त्यांचे अनुभव दिसतात. फेडोरा ‘रूट’ आणि ‘होम’ असे दोनच सबव्हॉल्यूम करते आणि संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा ‘बूट’ फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवते. त्यामुळे मूळ प्रणाली मागे नेली तरी नवा कर्नल ‘बूट’मध्ये तसाच राहतो, त्याला लागणारे सहायक भाग मात्र मागे गेलेल्या प्रणालीत नसतात, आणि सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडावा लागतो. टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉट घेणारा लोकप्रिय प्रोग्राम ‘@’ आणि ‘@होम’ याच नावांची अपेक्षा करतो, म्हणून फेडोराच्या मूळ मांडणीवर तो बीटीआरएफएसच्या पद्धतीने काम करत नाही. ओपनसुसेने याहून पुढचा विचार केला आहे. तिथे ‘होम’, ‘ऑप्ट’, ‘एसआरव्ही’, ‘व्हार’ असे अनेक सबव्हॉल्यूम असतात, मूळ प्रणाली जन्मापासून एका स्नॅपशॉटमध्येच बसवलेली असते, आणि स्नॅपर हा प्रोग्राम परतीच्या वेळी ‘मुळात कोणता सबव्हॉल्यूम जोडायचा’ ही फाइल सिस्टिममधली नोंदच बदलतो. संपूर्ण ‘व्हार’ बाहेर ठेवल्यावर पॅकेजांच्या नोंदवहीचा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. तो सोडवण्यासाठी आरपीएम या पॅकेज-व्यवस्थेची नोंदवही ‘व्हार’मधून उचलून ‘यूएसआर’च्या आत नेण्यात आली, आणि २०२२ च्या फेडोरा ३६ नेही तेच केले. दशकानुदशके एका जागी असलेली नोंदवही केवळ स्नॅपशॉटची सीमा बरोबर यावी म्हणून हलवली गेली, यावरून या सीमेचे महत्त्व कळावे.

डेटाबेससाठी कॉपी-ऑन-राइट बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, कारण सतत थोडे थोडे बदलणाऱ्या मोठ्या फाइली या तत्त्वामुळे डिस्कभर विखुरतात आणि मंदावतात. परंतु ते बंद केले की त्या फाइलींच्या मजकुराची पडताळणी करणाऱ्या चेकसम नावाच्या खुणाही बंद होतात, म्हणजे डिस्कने मजकूर गुपचूप बिघडवला तर कोणी सांगणार नाही. वेगाची तक्रार नसलेल्या लहान ग्रंथालयाने ही सुरक्षितता सोडू नये. डिस्कवरच्या स्वॅप फाइलला, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या जागेला, मात्र स्वतंत्र सबव्हॉल्यूम द्यावाच, कारण चालू स्वॅप फाइल ज्यात आहे त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेता येत नाही.

जागा सामायिक असल्याचा एक परिणाम सुरुवातीला गोंधळात टाकतो. नकाशांच्या पन्नास गिगाबाइटच्या प्रती पुसल्या तरी रिकामी जागा वाढत नाही, कारण कुठल्या तरी स्नॅपशॉटला त्या अजून हव्या असतात; तो स्नॅपशॉट पुसल्यावरच जागा सुटते. म्हणून स्नॅपशॉट किती दिवस ठेवायचे हे ठरवून जुने आपोआप पुसण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. आणि जो गैरसमज सर्वांत महाग पडतो तो हा की स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, त्याच कप्प्यांवर उभा असतो. डिस्क गेली की मूळ आणि स्नॅपशॉट दोघेही जातात. बॅकअपसाठी बीटीआरएफएसमध्ये ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ अशा दोन आज्ञा आहेत, ज्या केवळ वाचता येणारा स्नॅपशॉट दुसऱ्या डिस्कवर पाठवतात आणि दुसऱ्या वेळेपासून मधल्या काळात बदललेला भागच पाठवतात. पाठवण्याचे एकक सबव्हॉल्यूमच असल्याने, सीमा नीट आखलेल्या असतील तर नकाशे आठवड्याला आणि देवघेवीच्या नोंदी रोज पाठवणे सोपे जाते.

ज्यांच्याकडे संस्थेचा किंवा घरचा असा संगणक आहे, त्यांनी लिनक्स बसवण्याआधी कोणते फोल्डर एकत्र मागे जावेत आणि कोणते जाऊ नयेत याची यादी कागदावर करावी, त्या यादीप्रमाणे सबव्हॉल्यूम क्रमांक ५ च्या खाली एका पातळीवर आखावेत, काही बिघडण्याची वाट न पाहता एकदा परतीची क्रिया स्वतः करून पाहावी, आणि महत्त्वाच्या सबव्हॉल्यूमची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी.